बावन्न मिनिटांतली पस्तीस

आईच्या शेवटच्या प्रयोगाची फाइल पस्तीस मिनिटांची निघाली. प्रयोग बावन्न मिनिटांचा होता. हे लेकीच्या लगेच लक्षात आलं, कारण मिनिटं-सेकंद पाहणं हाच तिचा पोटापाण्याचा उद्योग. परक्या भाषेतल्या सिनेमांना पडद्याच्या तळाशी ज्या ओळी येतात, त्या ती लिहायची. एका वेळी दोनच ओळी, आणि माणसाचं तोंड मिटायच्या आत त्या वाचून व्हायला हव्यात. अशा कामात आयुष्य गेलेल्या बाईच्या नजरेतून सतरा मिनिटं सुटत नाहीत.

"कॉपी अर्धवट झालीय," ती फोनवर डोळ्याला म्हणाली. "सतरा मिनिटं कमी आहेत."

"छे हो ताई, सुरुवात आहे, शेवट आहे. बाई खुर्चीत बसलेल्या दिसतात, शेवटी खिडकी लावतात. अजून काय हवं?"

"मधलं हवं."

डोळा म्हणजे कॅमेरावाला. आईच्या मंडळात तिघंच होते: आई स्वतः, कॅमेऱ्यावर एक आणि आवाजावर एक. आईने त्यांना डोळा आणि कान अशी नावं पाडली होती आणि ती इतकी चिकटली, की कानाच्या बायकोनेही नवऱ्याला त्याच नावाने हाक मारायला सुरुवात केली. दोघं आईला बाई म्हणत.

'खिडकी' नावाच्या त्या प्रयोगात घडायचं एवढंच: एक बाई खुर्चीतून उठते, चौदा पावलं चालते आणि उघडी खिडकी लावते. जमिनीलगत ठेवलेला कॅमेरा तिची टाच टिपायचा आणि मागच्या पडद्यावर ती टाच दाराएवढी उंच दिसायची. लाकडी फळ्यांखाली चिकटवलेले बारके माइक पायाखालची करकर सभागृहभर पोचवायचे. पहिली पाच मिनिटं लोक चुळबुळत. दहाव्या मिनिटाला घोट्यावरची शीर, टाचेची भेग, नखावरचा जुना डाग, सगळं त्यांना दिसायला लागे. विसाव्या मिनिटाला एखादी फळी करकरली तर शंभर माणसं दचकत. आई म्हणायची, "मी काही करत नाही. लोकांचं बघणंच तेवढं वाढतं."

ही बाई तीस वर्षं एका कचेरीत टंकलेखिका होती. मिनिटाला ऐंशी शब्द. साहेबाचं बोलणं संपायच्या आधी तिचा कागद यंत्रातून बाहेर यायचा. पन्नाशीला नोकरी सोडली आणि सावकाश चालायला लागली. मोठी बहीण, म्हणजे लेकीची मावशी, पहिला प्रयोग बघून आली आणि म्हणाली, "एक खिडकी लावायला बावन्न मिनिटं? तेवढ्या वेळात मी घर आवरून, आंघोळ करून, वर कुणाशी तरी भांडूनसुद्धा मोकळी होते." आईला ते इतकं आवडलं, की पुढे लोकांनी प्रयोगाचा अर्थ विचारला की ती हेच वाक्य सांगायची.

शेवटच्या प्रयोगानंतर तेवीस दिवसांनी आई गेली. पोटात काय वाढत होतं ते कळेपर्यंत करण्यासारखं काही उरलं नव्हतं. भेटायला आलेल्या माणसांत त्या सभागृहाचा व्यवस्थापक होता. पाण्याचा पेला हातात धरून, काहीतरी चांगलं बोलावं म्हणून तो म्हणाला, "शेवटच्या प्रयोगात तर बाईंनी कमालच केली. मध्येच कितीतरी वेळ अगदी अडकल्यासारख्या थांबल्या. आम्हाला वाटलं, आता पुढे जातच नाहीत."

"केव्हा? कितव्या मिनिटाला?" लेकीने विचारलं.

"आता घड्याळ कोण बघतं? असेल, सुरुवातीलाच कधीतरी."

बाकीच्यांना त्यात काही वाटलं नाही. लेकीला त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. कारण सुरुवातीलाच कधीतरी, साधारण बाराव्या मिनिटाला, ती स्वतः उठून गेली होती. ऑफिसचा फोन थरथरला. सात वाजेपर्यंत एक फाइल जायची होती आणि एका पात्राच्या तोंडी कुठला शब्द ठेवायचा यावर तिकडे दोघांची जुंपली होती. ती उठली तशी खुर्चीची बैठक फटकन मिटली. तिच्या चपला वाजल्या. दार वाजलं. ते दार रंगमंचाच्या उजव्या अंगाला होतं आणि आई त्याच दिशेने चालत होती. ती समोरून गेलेली आईला न दिसणं शक्यच नव्हतं. आईचे प्रयोग तिने सात-आठदा तरी पाहिले होते आणि एकदाही शेवटपर्यंत नाही. तो शेवटचा, हे तेव्हा कुणाला माहीत होतं?

म्हणून सभागृहाने शनिवारी संध्याकाळी आईच्या आठवणीत तो प्रयोग पडद्यावर दाखवायचं ठरवलं, तेव्हा तिने एकच अट घातली. अख्खा दाखवायचा. बाकी कारण तिने कुणाला सांगितलं नाही. आपल्या उठण्यामुळे आई अडकली का, एवढंच तिला बघायचं होतं.

फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा कानाच्या घरी लेकीला भेटायला आला तोच मान खाली घालून. रात्रभर शोधून त्याला घोळ सापडला होता. दुकानांत पहाऱ्याचे कॅमेरे बसवायचे हा त्याचा जोडधंदा. दुकान बंद असतानाचे तासन्‌तास साठवून करायचं काय, म्हणून त्याच्या कॉम्प्युटरवर एक सोय होती. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक दिसला नाही, तर दुसरं चित्र आपोआप गळायचं. ती सोय चालूच राहिली होती आणि बाईंची फाइल त्यातून गेली.

कान म्हणाला, "म्हणजे तुझ्या यंत्राला बाई बंद दुकान वाटल्या."

"यंत्राला काय कळतंय?"

"यंत्राचं सोड. तुझं काय? पंधरा वर्षं त्यांच्या टाचेपुढे पालथा पडून काढलीस ना?"

"कार्ड आहे का मूळचं?" लेकीने विचारलं.

डोळ्याने चष्मा काढून पुसला. "दुसऱ्या दिवशी लग्नाचं काम होतं, ताई. कार्ड रिकामं केलं."

"लग्न तरी टिकलं का?" कान म्हणाला.

"कान, बास की आता," डोळा म्हणाला.

दुपारी व्यवस्थापकाचा फोन आला. डोळ्याने त्याला आधीच सगळं सांगून टाकलं होतं. "मी म्हणतो, पस्तीस मिनिटंच दाखवू. कुणाला कळणारही नाही. आणि खरं सांगू का, लोकांना तेवढंच झेपतं."

"बावन्न," लेक म्हणाली.

"पण चित्रच नाही म्हटल्यावर..."

"आवाज आहे."

आवाज होता. कान जुन्या वळणाचा माणूस. तो आपलं रेकॉर्डिंग स्वतःच्या यंत्रावर वेगळं करायचा आणि काहीही पुसायचा नाही. बावन्न मिनिटं, बारा सेकंद. आता काम एवढंच होतं, की चित्र कुठे कुठे गळलंय ते आवाजावरून शोधायचं आणि तेवढी जागा काळी सोडायची. सांगायला सोपं. प्रत्यक्षात टाच पडद्यावर एका फळीवरून एकदम वीतभर पुढे उडी मारायची आणि ती उडी नेमकी कुठल्या सेकंदाची हे फळीच्या करकरीवरून ठरवावं लागायचं. लेकीला अशा कामाची सवय होती, पण तिच्या कामात माणसं बोलायची. इथे कुणी बोलत नव्हतं.

कानाचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत त्याची बायको शिवणाचे वर्ग घ्यायची, मागच्या खोलीत भिंतींना जुन्या गाद्या टांगून त्याने आपली जागा केली होती. दोघं कानांवर हेडफोन चढवून बसली. पहिल्या सकाळी चार जागा सापडल्या. खुर्चीतून उठण्यातलीच साडेतीन मिनिटं यंत्राने खाल्ली होती.

"काकूंची मशीन ऐकू येतेय," ती म्हणाली.

"काकू आज शिकवत नाहीत. नीट ऐक. तो सभागृहातला पंखा आहे."

दुसऱ्या सकाळपर्यंत तिला पंखा वेगळा ऐकू यायला लागला, रस्त्यावरची गाडी वेगळी, तिसऱ्या रांगेत कुणीतरी पिशवीची चेन हळूच लावत होतं ते वेगळं. आणि या सगळ्याच्या खाली एक पुटपुटणं होतं. अगदी बारीक, घशातल्या घशात.

"हे काय आहे?"

कानाने हेडफोन एका कानावरून सरकवला. हे सांगावं की नाही, असा थोडा घोळ त्याच्या चेहऱ्यावर झाला. "बाई मोजतात. टाच उचलायला सात श्वास, पाऊल पुढे न्यायला अकरा, टेकवायला पुन्हा सात. गळ्याला लावलेला माइक आहे तो. लोकांना कधीच ऐकवला नाही. फक्त माझ्या कानात यायचा."

"ओठ तर कधी हलायचे नाहीत तिचे."

"कचेरीतली सवय. साहेबासमोर बसून मनात स्पेलिंगं म्हणायची, असं सांगायच्या."

आईचा आवाज दोन महिन्यांत तिने ऐकला नव्हता. घरी मोबाइलमध्ये निरोप होते, पण ते तिने उघडले नव्हते. आणि हा आवाज काही सांगत नव्हता, विचारत नव्हता, जेवलीस का म्हणत नव्हता. नुसते आकडे. तिने यंत्र स्वतःकडे ओढून घेतलं आणि तो आवाज मोठा केला. आता चित्राच्या उड्या शोधणं एकदम सोपं झालं. आकडा कुठला चालू आहे त्यावरून टाच कुठे असणार हे कळायचं.

अकरा मिनिटं जवळ आली तशी तिने हात मांडीवर ठेवले. कानाने बघितलं.

"काय गं?"

"इथे मी उठले होते."

"माहितीय."

"तुम्ही चालू ठेवा."

दुसरं पाऊल. टाच. एक, दोन, तीन. फोन थरथरल्याचा आवाज तिच्या आठवणीपेक्षा खूप मोठा होता. चार. बैठक फटकन मिटली. पाच. चपला, घाईच्या, आठ-नऊ वेळा. सहा. दार आधी करकरलं आणि मग धाडकन लागलं. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.

सात.

मग एक, दोन, तीन. पाऊल पुढे निघालं होतं.

"परत लावा," ती म्हणाली. तिने ते चारदा ऐकलं. आकड्यांमधलं अंतर पडद्यावर मोजता येत होतं, तेही मोजलं. सहा आणि सातमध्ये जेवढा वेळ, तेवढाच पाच आणि सहामध्ये. आई अडकली नव्हती. साधी अडखळलीही नव्हती. दोन महिने जे ओझं वाहायचं म्हणून तिने कंबर बांधली होती, ते तिचं नव्हतंच. तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याच्या मागोमाग, आपण एवढं दार आपटूनही हिला काहीच झालं नाही, असंही वाटलं. ते दुसरं तिला स्वतःलाच आवडलं नाही.

"बाईंना दाराचं काही नसायचं," कान म्हणाला. "उठून गेलेली माणसं मोजायच्या त्या. घरी जाताना सांगायच्या, कान, आज पाच गेले, आज बारा गेले. मजा वाटायची त्यांना."

"त्या दिवशी किती म्हणाली?"

"आठ," तो म्हणाला. "मी दार नऊदा ऐकलं होतं."

लेकीने वहीत अकरा-चाळीस असं लिहिलं आणि त्याच्यापुढे काहीच लिहिलं नाही.

मग व्यवस्थापकाने पाहिलं ते काय होतं? ते तिसऱ्या सकाळी सापडलं. सव्विसावं मिनिट, आठवं पाऊल. बोटं फळीला टेकलेली, टाच बोटभर वर. पुढच्या चित्रात टाच खाली होती. मध्ये आवाज सहा मिनिटांचा होता.

एरवी सात श्वासांचं काम. एक, दोन, तीन, चार. मग श्वास आला तो नेहमीच्या जागी नाही, वरच्यावर, आणि लगेच दुसरा. आकडा नाही. फळी करकरली नाही, कारण पाय हलला नव्हता. सभागृहात कुणी हललं नव्हतं, खोकलं नव्हतं, दार वाजलं नव्हतं. मग, पहिल्याइतक्याच शांतपणे: एक. दोन. तीन. श्वास पुन्हा तुटला. एक. असं ती पाच वेळा एकावर आली. सहाव्या खेपेला सातपर्यंत पोचली आणि टाच टेकल्याचा तो मऊ आवाज आला, जसा पंधरा वर्षांतल्या प्रत्येक प्रयोगात यायचा.

लेकीने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. पलीकडे मशीन थांबून थांबून चालत होती. कुणीतरी काज करायला शिकत होतं.

"तुम्हाला हे तेव्हाच ऐकू येत होतं," ती म्हणाली.

"हो."

"सहा मिनिटं."

"हो."

"मग थांबवलं का नाही, कानकाका? दिवे लावायचे. ओरडायचं. काहीही."

कान आपल्या हातांकडे बघत होता. "ठरलेलं होतं आमचं, पहिल्या प्रयोगापासून. मोजणं थांबलं तर मी दिवे लावायचे. मोजणं चालू असेल तर हात लावायचा नाही. माझं बोट बटणावर होतं, पोरी. प्रत्येक वेळी वाटलं, आता नाही येत आकडा. आणि प्रत्येक वेळी त्या परत एकावर आल्या. गेलेली मिनिटं पुढे खिडकीपाशी कमी थांबून भरूनसुद्धा काढली."

"नंतर विचारलंत?"

"विचारलं. पित्त झालंय म्हणाल्या."

"मलाही पित्तच म्हणाली," लेक म्हणाली. "मी गोळ्या आणून दिल्या."

प्रयोगाच्या संध्याकाळी फाइल पाठवून ती सभागृहावर आईला न्यायला गेली होती, साडेसातला. आई पायरीवर बसून चपलेचा पट्टा लावत होती. कसं झालं, तिने विचारलं. झालं, आई म्हणाली, आणि तुझी फाइल? वेळेत गेली, लेक म्हणाली. शाब्बास, आई म्हणाली. रिक्षात ती डोळे मिटून बसली होती. लेकीला वाटलं, दमली असेल.

काकूंनी चहा आणून ठेवला आणि दोघांच्या चेहऱ्यांकडे बघून निघून गेल्या. चहा निवल्यावर कान म्हणाला, "शनिवारी त्या सहा मिनिटांत पडदा काळा राहील. लोकांना काय ऐकवायचं? गळ्याचा माइक उघडला तर सगळ्यांना कळेल काय चाललं होतं. रडतील लोक. तू म्हणशील तसं करतो, पण मला विचारशील तर..."

"नको," ती म्हणाली. "तिने कधी ऐकवलं नाही. फळ्यांचा आणि सभागृहाचा आवाज राहू दे."

"सहा मिनिटं नुसता पंखा ऐकतील."

"ऐकू देत. तोपर्यंत त्यांना पंखा ऐकू यायला लागलेला असेल."

कान पहिल्यांदाच जरासा हसला. मग त्याने अकरा मिनिटांवर काटा नेला. "आणि हे तुझं? बैठक, चपला, दार. काढून टाकतो. पंखा तेवढा चिकटवून देतो त्या जागी, कुणाला पत्ता लागणार नाही. दोन मिनिटांचं काम आहे."

लेकीने वही मिटली. दोन मिनिटांचं काम होतं हे तिला माहीत होतं. तिनेही असली कामं हजारदा केली होती.

"राहू द्या," ती म्हणाली.

शनिवारी सभागृह बऱ्यापैकी भरलं. कचेरीतल्या जुन्या बायका आल्या होत्या, डोळ्याच्या दुकानवाल्यांपैकी एक-दोघे होते, व्यवस्थापकाने पहिल्या रांगेत आपल्या घरच्यांना बसवलं होतं. मावशी लेकीच्या शेजारी बसली आणि बसल्या बसल्याच म्हणाली, "किती वेळ आहे?"

"बावन्न मिनिटं."

"अजूनही?"

पडद्यावर खुर्ची आली, आई आली. मावशीने पदर तोंडाला लावला आणि मग खाली घेतला. चौथ्या मिनिटाला पडदा काळा झाला.

"लाइट गेले," मावशी कुजबुजली.

"नाही. डोळ्याच्या कॉम्प्युटरने तेवढं चित्र पुसलं."

"बरोबर आहे, तो पहिल्यापासून वेंधळा." पण ती अंधारात मान पुढे काढून ऐकत राहिली. चित्र परत आलं तेव्हा आई खुर्चीतून अर्धी उठलेली होती. "ही उठली कधी?" मावशी म्हणाली. आजूबाजूला कुणीतरी शूऽ केलं. मावशीला आयुष्यात क्वचितच कुणी गप्प केलं होतं. ती गप्प बसली.

आठव्या-नवव्या मिनिटाला चुळबुळ थांबली. ते लेकीला आता हेडफोनशिवायही ऐकू आलं. पंखा वेगळा झाला. टाचेची भेग दिसायला लागली, आणि भेगेत भरलेली फळ्यांवरची धूळ.

दुसरं पाऊल सुरू झालं. फोन थरथरला. सभागृहातल्या निम्म्या माणसांनी आपापले खिसे चाचपले. मग बैठक फटकन मिटली, चपला वाजल्या, दार करकरलं आणि धाडकन लागलं. सगळ्यांच्या माना एकदम उजवीकडे वळल्या. दाराशी कुणी नव्हतं. दार बंद होतं. मागच्या रांगेतला एक माणूस चक्क उभा राहून बघू लागला.

"कोण गं ते?" मावशी मोठ्याने म्हणाली. "गेलेल्या माणसासाठीसुद्धा थोडं बसवत नाही का कुणाला?"

"मी," लेक म्हणाली.

"तू तर इथे बसलीयस."

"त्या दिवशीचं आहे, मावशी. मी उठून गेले होते."

मावशीने तिच्याकडे बघितलं. पडद्यावरच्या उजेडात तिचा चेहरा आईसारखा दिसत नव्हता, कधीच दिसला नव्हता. ती काहीतरी जळजळीत बोलणार असं वाटलं. पण तिने आपली पिशवी मांडीवरून उचलून पायाशी ठेवली आणि पाय सरळ केले.

"मग आता बस," ती म्हणाली.

पडद्यावर टाच वर आली होती आणि पाऊल पुढे निघालं होतं. सव्विसावं मिनिट यायला अजून चौदा मिनिटं होती.